बैल न फिरलेली जमीन

श्रावण सरत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागतो. "यंदा ऋषीची भाजी आहे ना?" "माझ्या नणंदेचंही नाव घ्या." "गेल्या खेपेला अळू जरा कमी पडलं हो." काल तर ऑफिसात साहेबांनी आत बोलावलं. मला वाटलं, कुठली तरी फाईल राहिली. साहेब घसा साफ करून म्हणाले, "मिसेसनी विचारलंय, दोन टोपल्या मिळतील का?" मी "बघते" म्हटलं आणि चेहरा असा केला, जणू दिल्लीला विचारून सांगणार आहे. एवढा मान मला नोकरीच्या इतक्या वर्षांत कधी मिळाला नव्हता, त्यामुळे मी तो पुरेपूर उपभोगून घेते.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगर फिरलेल्या जमिनीतला दाणा नाही की पाला नाही. माणसाच्या हातांनी खणलेल्या मातीत जे आलं असेल तेवढंच ताटात. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळी, काकडी, सुरण, मक्याचं कोवळं कणीस, सगळं एकत्र शिजवायचं. तेल नाही, फोडणी नाही, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि आंबटाला चिंच. जो पहिल्यांदा खातो तो तोंड वेंगाडतो आणि जो दहाव्यांदा खातो तो पातेलं पुसून घेतो.

मी लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून ही भाजी बाजारात विकत घेत होते. हरतालिकेच्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गोणपाटावर अळवाच्या जुड्या, बाजूला पडवळांची लांबच लांब वेटोळी, आणि त्यापलीकडे छत्री मानेत धरून बसलेली विकणारी. मी विचारायचे, "बैलाचं नाही ना?" ती म्हणायची, "छ्या, बैलाचा कसा असंल?" माझं समाधान व्हायचं, तिचंही व्हायचं. खरं सांगायचं तर तिच्या उत्तरावर माझा विश्वास नव्हता आणि माझ्या प्रश्नात जीव नव्हता. रीत म्हणून विचारायचं, रीत म्हणून ऐकायचं आणि पिशवी उचलायची.

आणि गंमत अशी की आमची स्वतःची जमीन होती. हातखंबा तिठ्यावरून आत गेलं की सात-आठ किलोमीटरवर माझं सासर. खाली थोडी भातशेती, घरामागे परस, आणि वर सडा, म्हणजे नुसता काळाकभिन्न कातळ. तिथे माझे धाकटे दीर अनंत आणि त्यांची बायको वासंती राहतात. आम्ही गणपतीला जायचो, खायचो, परत यायचो. शहरातून भाजी विकत घेऊन गावी नेणारी मी, हे आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

ज्या पावसाळ्याबद्दल लिहायला बसले आहे तो अधिक महिन्याचा होता. श्रावण दोनदा आला होता त्या वर्षी. पण त्याआधी मे महिन्यात काय झालं ते सांगायला हवं.

वासंती एका दुपारी आमच्याकडे आली, फणस घेऊन. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ताई, आमचा आता मुंबईस जायाचा ठरतोय." भावोजींच्या चुलतभावाने, प्रकाशने, त्यांच्यासाठी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती. शिवाय खाली एक खोली राहायला. मुलगी लग्न होऊन चिपळूणला गेलेली, घरात दोघंच. नुसत्या भातावर निभत नाही, हे भावोजींचं म्हणणं. खोटं नव्हतं ते.

"मग तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"माजा काय म्हननार? मना त्या खोलीत कोंडून घालाल तर मी आठ दिवसांत मरंन." एवढं बोलून ती फणस कापायला बसली. विळीला तेल लावताना तिने पुढचं सांगितलं. तिने नवऱ्याकडून एक पावसाळा मागून घेतला होता. भाजी करते, शहरात घरोघर पोचवते, त्यात जम बसला तर राहायचं. नाही बसला तर गणपतीला प्रकाश गावी येईल, त्याच्याबरोबर जायचं. "ताई, तुमी फक्त घरां बगून द्या," ती म्हणाली. गरे खाताना मी 'हो' म्हटलं. फणस असा असतो की तो खाताना माणूस कशालाही हो म्हणतो.

पण मी नुसतं हो म्हणून थांबणारी बाई नव्हे. त्याच संध्याकाळी मी आमच्या इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'हाताने खणलेल्या जमिनीतली अस्सल ऋषीची भाजी, थेट आमच्या घरच्या शेतातून. बैल नाही, नांगर नाही. नावं द्या.' झोपेपर्यंत चोवीस नावं आली. माझी छाती फुगली. शेतात अजून कुदळसुद्धा पडलेली नव्हती.

त्या चोवीस नावांतलं पहिलं माईंचं. माई आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. ऋषिपंचमीचं व्रत त्या लग्नाआधीपासून करतात. त्यांनी ग्रुपवर लिहिलं नाही, फोन केला. "बैल नाही म्हणतेस, तू पाहिलंयस का?" मी म्हटलं, "माई, घरचंच शेत आहे." त्या म्हणाल्या, "ते विचारलं नाही मी." आणि फोन ठेवला.

वासंतीने पऱ्याच्या काठचा तुकडा निवडला होता. पऱ्या म्हणजे आमच्या घराखालून वाहणारा ओढा. माती काळी, भुसभुशीत. मिरग लागल्यापासून ती रोज सकाळी कुदळ घेऊन बसायची आणि न्याहारीपर्यंत जेवढं खणून होईल तेवढं खणायची. अर्ध्याच्या वर खणून झालं होतं. मग माहेरी आईचं दुखणं निघालं म्हणून ती चार दिवस लांज्याकडे गेली. नेमकी त्याच दिवसांत शेजारच्या तात्यांची बैलजोडी आमच्या भातशेतीच्या चिखलणीला, म्हणजे लावणीआधीच्या नांगरटीला, आली होती.

पुढचं मी भावोजींच्याच तोंडून ऐकलं, कारण रविवारी मी गावी गेले होते. ते पडवीत उकिडवे बसले होते. समोर वासंती, पदर खोचलेला, माहेरची पिशवी अजून हातातच.

"वैनी, तुमीच सांगा," भावोजी म्हणाले. "मी म्हनलो, ही एकटी किती खनील? हात सोलवटलेत हिचे. बैल आलेच हायेत तर म्हनलो, त्या तुकड्यात पन दोन फेरे मारून घेऊ. आल्यावर खूश होईल."

"सगळ्या तुकड्यात?" मी विचारलं.

"मग काय अर्धा ठेवतो? चांगला सपाट करून दिलाय."

मला हसू आवरेना आणि रडूही येईना. जगात कुठल्या नवऱ्याने बायकोला मदत केली म्हणून घरात एवढी स्मशानशांतता पसरली असेल? ऋषिपंचमीच्या नावाने चोवीस घरांना दिलेला शब्द, आणि ज्या जमिनीच्या जोरावर दिला तिच्यात तात्यांचे दोन धष्टपुष्ट बैल मनसोक्त फिरून गेलेले. भावोजींना ऋषीची भाजी ठाऊक नव्हती असं नाही. दरवर्षी खात होते. पण ताटातल्या भाजीचा आणि समोरच्या जमिनीचा संबंध त्यांच्या डोक्यात आलाच नाही, कारण आमच्याकडे ते बघायचं काम बायकांचं.

इथे मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "अगं, असू दे. कुणाला कळणार आहे? बाजारात तरी कोण बघायला जातं?"

वासंतीने पिशवी खाली ठेवली. ओरडली नाही, रागावली नाही. "ताई, मना कळला ना," ती म्हणाली.

एवढंच. मग चूल पेटवायला आत गेली. मी पडवीत बसून राहिले आणि मला माझा तो बाजारातला प्रश्न आठवला, इतकी वर्षं विचारलेला. छत्रीखालची ती बाई खोटं बोलत होती की नाही मला माहीत नाही. मी मात्र प्रश्न विचारतानाच खोटी होते. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि वासंतीनेही सांगितलं नाही, ती फक्त चहा टाकत होती.

जेवणं झाल्यावर वासंती म्हणाली, "वर सड्यावर करूया."

भावोजी हसले. "कातळावर? तिथं गवताला जोर नाय."

"म्हनूनच. तिथं बैल जाऊच शकत नाय. आजपातूर गेला नाय."

कातळावर भाजी करण्याची रीत आमच्या भागात जुनी आहे. पाटीपाटीने माती वाहून न्यायची, दगडावर तिचे ढीग करायचे, त्यात बी टोचायचं आणि पाऊस असेपर्यंत पीक घ्यायचं. पण माणसं मुंबईला गेली तशी ही रीत आमच्या वाडीतून गेली होती. वासंतीने ती लहानपणी माहेरी बघितलेली, स्वतः केलेली नव्हे. माती आणायची कुठून? नांगरलेल्या शेतातली चालणार नाही. मग परसातली, गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेची, पऱ्याने वळणावर आणून टाकलेला गाळ, असं ठिकठिकाणाहून खरवडून काढायचं ठरलं. अळू आणि सुरण परसात होतेच, तिथे न्हाणीच्या आणि गोठ्याच्या मधल्या बोळात बैलाचं शिंगसुद्धा शिरलं नसतं.

आणि तिने मला आणखी एक काम सांगितलं. "ताई, ग्रुपवर खरा काय ता सांगा."

रत्नागिरीला परतताना एस.टी.त बसून मी तो निरोप चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. शेवटी मारुती मंदिरचा थांबा आला तेव्हा डोळे मिटून पाठवून टाकला. 'आमच्या जमिनीत चुकून बैल फिरले. आता वर कातळावर हाताने माती वाहून भाजी करायचा प्रयत्न आहे. मिळेलच असं सांगता येत नाही. ज्यांना नाव काढायचं असेल त्यांनी काढावं.' घरी पोचेपर्यंत नऊ नावं गेली होती. कुणी हात जोडल्याचं चित्र टाकलं, कुणी नुसतंच 'ओके'. मी जिना चढत होते तोच माईंचा फोन.

"बैल फिरले म्हणून तूच कळवलंस?"

"हो माई. वासंतीने सांगायला लावलं."

"बरं. मग माझी एक टोपली होती ती दोन कर. माझ्या सुनेच्या माहेरी पण देईन." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं उत्तर दिलं."

मी जिन्यातच बसले. रडले, हे कबूल करते.

मग आषाढ कोसळला. आमच्याकडचा आषाढ म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. चार-चार दिवस डोंगर दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. अशात हे दोघं डोक्यावर इरलं घेऊन घमेल्यांनी माती वर नेत होते. भावोजी पहिले दोन दिवस कुरकुरत गेले, तिसऱ्या दिवसापासून गुपचूप. चूक आपली आहे हे त्यांना कळलं होतं, फक्त तोंडाने म्हणायचं नव्हतं. पुरुष माणूस माफी मागत नाही, माती उचलतो. शनिवारी-रविवारी मी जायचे आणि दहा घमेल्यांत माझी कंबर मला नोकरीचं महत्त्व पटवून द्यायची.

वीस-बावीस ढीग झाले, बी टोचून झालं, आणि एका रात्रीच्या पावसात सगळं वाहून गेलं. सकाळी वर जाऊन बघितलं तर कातळ धुऊन काढल्यासारखा लख्ख. एखाद-दुसऱ्या खळग्यात चिमूटभर चिखल. पंधरा दिवसांचं काम उतारावरून खाली गेलेलं, जिथून आणलं होतं तिथेच.

भावोजींनी मला फोन केला. "वैनी, ती काय जेवत नाय. नुसती बसून हाय." मी विचारलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "मी वर चाललोय."

हेच मला त्या पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं, भाजीपेक्षाही. ज्या माणसाला मुंबईला जायचं होतं, ज्याच्यासाठी ती वाहून गेलेली माती म्हणजे सुटका होती, तो त्या दिवशी भर पावसात एकटा सड्यावर जाऊन पाणी कुठून कसं वाहतं ते बघत उभा राहिला. तास-दोन तास. पाणी कुठे वळतं, कुठे साचतं, कुठला उंचवटा कोरडा राहतो. खाली आला तो भिजून चिंब, आणि बायकोला म्हणाला, "ऊठ. आपून चुकीच्या जागंवर टाकलेली."

त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून आम्ही तरलो. नेहमीसारखा श्रावण एकच असता तर गणपती अंगावर आले असते. पंचांगाने एक आख्खा महिना आमच्या ओटीत टाकला. लोक अधिक महिन्यात जावयांना अनारसे देत होते आणि आमच्याकडे दगड वाहणं चाललं होतं. या वेळी उंचवटे निवडले. प्रत्येक आळ्याभोवती चिऱ्याच्या तुकड्यांचं कडं रचलं. खाली नारळाची सोडणं उपडी अंथरली, म्हणजे ती जाड काथ्याची सालपटं, पाणी धरून ठेवतात आणि मातीला सोडत नाहीत. त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, त्यावर माती, त्यावर शेणखत. शेणखतावर वासंती अडली. बैलाचं शेण चालेल की नाही? मला फोन. मी माईंना फोन. माई म्हणाल्या, "अगं, बैलाला कष्ट पडू नयेत म्हणून हे सगळं. शेण टाकायला त्याला कसले कष्ट?" शास्त्रार्थ तिथे संपला.

बी रुजलं तो दिवस मला फोटोतून कळला. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढून पाठवला होता, त्यात अर्धा त्यांचा अंगठा आणि अर्ध्यात दोन हिरवी पानं. मी तो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कुणाला काही दिसलं नाही, पण सगळे "वा" म्हणाले.

मग मी दर आठवड्याला जायला लागले. निज, म्हणजे दुसऱ्या, श्रावणात सडा वेगळाच होतो. कातळाच्या भेगाभेगांतून जांभळी, पिवळी, नखाएवढी फुलं उघडतात, खळग्यांत पाणी साचून त्यात आभाळ दिसतं, आणि वारा असा वाहतो की साडी आवरताना माणूस देवाचं नाव घेतं. त्यात आमची आळी. बांबूच्या काठ्यांवर शिराळी चढली होती, पडवळांना खाली दगड बांधले होते, सरळ वाढावी म्हणून. लाल माठ ओल्या कातळावर इतका लाल दिसायचा की मी चपला काढून जवळ जायचे. भेंडीच्या पिवळ्या फुलाला आत गडद डोळा असतो, हे मी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं. आयुष्यभर भेंडी चिरली, फूल पाहिलं नव्हतं.

पहिली काकडी वासंतीने मला तिथेच तोडून दिली. पदराने पुसली, दगडावर आपटून दोन तुकडे केले. ती काकडी थंड होती, गोड होती, आणि तिला पावसाचा वास होता. मीठसुद्धा नको वाटलं. "कशी हाय?" वासंतीने विचारलं. मी तोंड भरलेलं असल्यामुळे नुसती मान हलवली. ती म्हणाली, "एवढ्या खेपा घातल्या, कडू निघाली असती तर मी कातळावर डोका आपटला असता."

माकडांनी यायचं ते आलीच. आमच्या भागात पीक तयार झालं की आधी त्यांना कळतं. भावोजींनी तिथे झावळांची खोपी बांधली आणि दिवसभर पत्र्याचा डबा बडवत बसायला लागले. जेवणसुद्धा वरच. एकदा मी डबा घेऊन गेले तर ते एका पडवळाशी बोलत होते. मला बघून खोकले आणि माकडांना शिव्या द्यायला लागले. समोर एकही माकड नव्हतं.

हरतालिकेच्या दिवशी पहाटेपासून तोडणी. टोपल्यांत केळीची पानं अंथरली, त्यावर सुरणाचा तुकडा, पडवळ, शिराळी, भेंडी, काकडी, कणसं, वरून माठ आणि अळू. एकेक टोपली वासंती स्वतः भरत होती, दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नव्हता. मधल्या काळात गेलेली नऊ नावं परत आली होती आणि मागून आणखी तेवढीच. माईंनी केलं होतं ते. त्या देवळात, दवाखान्यात, भेटेल त्याला 'बैल फिरल्याचं कळवणारी माणसं' अशी आमची ओळख सांगत फिरत होत्या. कुणाच्याही चुकीची इतकी चांगली जाहिरात झाली नसेल.

टेम्पो दुपारी आमच्या इमारतीखाली लागला. बायका जमल्या. माई काठी टेकत खाली उतरल्या, सगळ्यांनी वाट दिली. टोपली उचलून दिली तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वासंतीला म्हणाल्या, "हात दाखव."

वासंतीने लाजत हात पुढे केले. तळव्यांना घट्टे, बोटांच्या पेरांत काळ्या भेगा, एका नखाखाली रक्त साकळलेलं. माईंनी ते हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे पाहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाही. बैल नाही फिरला." मग मागे उभ्या असलेल्या भावोजींकडे बघून, "याचे पण तसेच असतील ना?" भावोजींनी हात पाठीमागे लपवले. बायका हसल्या. मला वाटलं आता मी मोठ्याने ओरडेन. इतका आनंद कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी उगाचच टेम्पोवाल्याला गाडी नीट लाव म्हणून रागावले.

अर्ध्या तासात टेम्पो रिकामा. एक देठ उरला नाही. आमच्या घरच्या ऋषीसाठी वासंतीने आधीच एक वाटा परसात झाकून ठेवला होता म्हणून बरं.

ऋषिपंचमीला आम्ही गावी. गणपतीसमोर समई, बाहेर पाऊस थांबलेला, ओटीवर पानं मांडलेली. प्रकाश मुंबईहून आला होता. चांगला माणूस, मनाने भावोजींचं भलं बघणारा. त्याने भाजीचा पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मग सहज विचारलं, "मग अनंता, परवा निघायचा ना माझ्याबरोबर? सोसायटीत सांगून ठेवलंय मी."

वासंती वाढत होती. तिचा डाव पातेल्यातच थांबला. आख्ख्या पावसाळ्यात तिने हा विषय एकदाही काढला नव्हता. टोपल्या गेल्या, वाहवा झाली, पण भावोजींनीही 'राहू' असं तोंडाने म्हटलं नव्हतं. मी भावोजींकडे बघितलं. माझे यजमान, जे जेवताना कधी वर बघत नाहीत, तेही वर बघायला लागले.

भावोजींनी पानावरची भाजी संपवली. बोटं चाटली. म्हणाले, "मना काय इचारतोस? तिला इचार."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या ओटीवर पहिल्यांदा बोललं गेलं. वासंतीला ते कळायला एक क्षण लागला. मग तिने डाव भरून भाजी प्रकाशच्या पानात वाढली, चांगली डोंगरासारखी, आणि म्हणाली, "परकाश भावोजी, आमचा नाय जमायचा. दिवाळी झाली की खालच्या शेतात पावटा घालायचाय. तुमीच या हिकडं. टोपल्या पोचवायला एक मानूस कमी पडतंय."

पहिल्यांदा कोण हसलं मला आठवत नाही. प्रकाश शेवटी हसला, पण हसायला लागला तो थांबेना. भावोजींनी मान खाली घालून पान पुढे सरकवलं, अजून वाढ म्हणून.

दोन दिवसांनी प्रकाश निघाला तो एकटाच. आम्ही सगळे त्याला गडग्यापर्यंत पोचवायला गेलो. वासंती नव्हती. ती वर कातळावर होती.